ती नारिंगी बाटली उघडू नकोस

तीर्थरूप दादास,

(काही मिनिटांनी का होईना, पण मोठा तो मोठाच, म्हणून तीर्थरूप.) लहान्याचा वाकून नमस्कार. कंबर जेवढं वाकू देते तेवढाच वाकून. उरलेला मनातल्या मनात केला आहे असं समजावं. तुझी तब्येत कशी आहे? कानातलं यंत्र नीट बसलं का, की अजून जेवताना शिट्ट्या मारतं? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. तेव्हा आधी एक काम कर. चष्मा लावून आरामात वाचायला बसला असशील तर तसाच ऊठ आणि मी चार तारखेला कुरिअरनं पाठवलेली नारिंगी झाकणाची गोळ्यांची बाटली कुठे आहे ते बघ. उघडली नसेल तर उघडू नकोस. उघडली असेल तर बंद कर. आत किती गोळ्या उरल्यात त्या मोज. मुळात नव्वद होत्या. आणि मोजता मोजता एखादी तोंडात टाकू नकोस, तुला शेंगदाणे निवडताना ती सवय आहे.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. केला. तीनदा केला. पण तुला ऐकू येत नाही म्हणून तू फोन लाउडस्पीकरवर लावून टेबलाच्या मधोमध ठेवतोस, आणि मग तुझ्याशी बोलणं म्हणजे तुझ्या अख्ख्या घराशी बोलणं होऊन बसतं. परवा मी नुसतं 'दादा, त्या गोळ्या' एवढंच म्हणालो, तर आतून वहिनींचा आवाज आला की काळजी करू नका भाऊजी, न चुकता रोज सकाळी देते. मी तुमच्याकडे पाऊस कसा आहे असं काहीतरी विचारलं (बाहेर रखरखीत ऊन होतं, आणि तूही 'बरा आहे' म्हणालास) आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. रोज साडेसात वाजले की वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या आहेत आणि तू आ करून बसला आहेस, असं डोळ्यांसमोर येतं. गोळ्या खराब निघाल्या आहेत. कशा आणि किती, ते सविस्तर लिहितो, कारण नुसतं 'खाऊ नकोस' म्हटलेलं तू जन्मात कधी ऐकलेलं नाहीस.

हे सगळं सुरू झालं ताईच्या मुलीच्या लग्नात. तो फोटोग्राफर आठवतो ना, दाढीवाला, सारखं 'जवळ या, जवळ या' करणारा? आपण दोघं शेजारी शेजारी उभे होतो. त्यानं कॅमेरा खाली घेतला, तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तुला म्हणाला, "साहेब, वडिलांना खुर्ची द्या ना, उभं किती वेळ ठेवणार?" त्याचं मी काही मनावर घेतलं नाही, त्या बिचाऱ्याला काय माहीत. पण तू? 'अहो, हा माझा जुळा भाऊ' एवढे पाच शब्द उच्चारायला तुझ्या जिभेला काय झालं होतं? ते राहिलं बाजूला. तू माझं कोपर धरलंस, मला हळूच खुर्चीवर टेकवलंस आणि वर वाकून विचारलंस की बरं वाटतंय ना आता. सगळी मंडळी हसली. मीही हसलो. ते हसू फोटोत आलं आहे. (ताईनं तो मोठा करून पाठवला आणि आमच्या हिनं तो बाहेरच्या खोलीत, दारातून आल्याआल्या दिसेल असा लावला. आलेला प्रत्येक माणूस तुझ्याकडे बोट दाखवून 'हे धाकटे का?' विचारतो आणि ही चहा टाकायला आत निघून जाते.)

आता तुला माझं काम नक्की काय ते कधी समजलेलं नाही. तू लोकांना 'तो रबर ताणतो' असं सांगतोस, हे माझ्या कानावर आहे. ताणतो, हे खरं. पण ते निम्मं काम. पंपाला जे रबरी वॉशर लागतात ते आम्ही बनवतो आणि ते किती वर्षं टिकतील हे गिऱ्हाइकाला आज सांगावं लागतं. तेवढी वर्षं थांबायला कुणाला वेळ आहे? म्हणून एकाच बॅचच्या दोन पट्ट्या कापायच्या. एक कपाटात ठेवायची आणि एक भट्टीत टांगायची. गरम हवेत सात दिवस राहिली की तिच्यावर दोन-चार वर्षांचं म्हातारपण येतं. मग दोघी शेजारी ठेवून बघायचं की कोण किती कडक झाली, कुणाला भेगा पडल्या, ताणल्यावर कोण आधी तुटते. थोडक्यात, गेली एकतीस वर्षं मी रबराला म्हातारं करतो आणि त्याबद्दल मला पगार मिळतो. हवेतला प्राणवायू रबराला आतून खातो, आणि त्यानं खाऊ नये म्हणून मिश्रणात अँटिऑक्सिडंट नावाची पूड घालतात. ज्या पट्टीत ती आहे ती तरुण राहते, जिच्यात नाही ती तडकते. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. म्हणूनच तो फोटो बघितल्यावर माझ्या डोक्यात जे आलं ते दुसऱ्या कुणाच्या आलं नसतं. आपण दोघं एका बॅचचा माल. मग एक पट्टी अशी आणि एक तशी का? याचा अर्थ दादाला काहीतरी मिळतंय आणि मला मिळत नाही. (वहिनी तुला काय खायला घालतात, हे हिनं त्यांना आडून आडून विचारलं. त्यांनी 'जे घरात असेल ते' असं सांगितलं. मला ते उत्तर फारच सावध वाटलं.)

आमच्या मिक्सिंग खात्यात एक जाडजूड गृहस्थ आहेत. पिठाच्या गिरणीसारख्या मशिनात ते दिवसभर रबर आणि पूड कालवत असतात आणि उरलेल्या वेळात आरोग्यावरचे लेख वाचतात, म्हणून सगळे त्यांना वैद्य म्हणतात. मी त्यांना सहज म्हणून विचारलं, आणि त्यांना तर कुणी विचारायचीच खोटी होती. त्यांनी मला गोणीवर बसवून पाऊण तास समजावलं की माणसाच्या शरीरातही अगदी हेच चालतं. आपण श्वास घेतो, अन्न जाळतो, त्यात काही उनाड कण सुटतात, ते दिसेल त्याला धक्के मारत हिंडतात आणि त्यातून सुरकुत्या, मोतीबिंदू, हृदयविकार, विसरभोळेपणा, सगळं येतं. त्यांना आवरायला अँटिऑक्सिडंट लागतं. फक्त आपल्याकडे ते पोत्यातून न येता गाजरातून, टोमॅटोतून, चहातून आणि काळ्या चॉकलेटातून येतं, आणि ज्याला घाई आहे त्याच्यासाठी गोळ्यांतून. मला घाई होती. सत्तावन्न संपायला आलंय, दादा.

मग मी जे सुरू केलं त्याला ही 'खूळ' म्हणते आणि मी 'उपचार' म्हणायचो. सकाळी अर्धा किलो गाजरांचा रस. दहा वाजता गवत उकळल्यासारखा हिरवा चहा. दुपारी टोमॅटो. संध्याकाळी काळं चॉकलेट दोन तुकडे (एकदा विचारांच्या नादात अख्खं संपलं, तेव्हा छाती इतकी धडधडली की मी तरुण होतोय असं मला वाटलं). आणि सगळ्याच्या वर रोज एक नारिंगी गोळी. सहा आठवड्यांत फरक दिसला. माझे तळहात नारिंगी झाले. मग तळपाय. मग नाकाचा शेंडा. हिनं मला खिडकीत उभं केलं, पापण्या खाली ओढून डोळे बघितले, जीभ काढायला लावली आणि कावीळ, कावीळ म्हणून घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, अगं, अँटिऑक्सिडंट आता कातडीपर्यंत पोचलंय, ही चांगली खूण आहे. ती म्हणाली की पोचलंय तर परत पाठवा. त्या दिवसापासून मी घरात हातमोजे घालून जेवायचो, कारण माझे हात बघून तिला घास जात नव्हता.

आता तुझा यात काय संबंध, ते ऐक, आणि रागावू नकोस. कुठल्याही चाचणीत एक पट्टी बिनऔषधाची ठेवावी लागते, नाहीतर फरक कशाशी मोजायचा? मला औषधाविना असलेली पट्टी म्हणून तू फुकट मिळाला होतास. मी नमुना अ आणि तू नमुना ब. तुला न सांगता, कारण नमुन्याला सांगायचं नसतं. तीन महिने मी हे केलं. तुझ्या आवाजावरून, तुझ्या खोकण्यावरून, जिना चढून फोन घेतलास की किती धापा टाकतोस त्यावरून मी तुझी नोंद ठेवत होतो. आणि मग एके दिवशी भट्टीतून पट्ट्या बाहेर काढल्या, बिनऔषधाची हातात घेतली, जरा वाकवली, आणि ती कट्कन मोडली. रोज मोडतात. एकतीस वर्षांत किती मोडल्या असतील देव जाणे. पण त्या दिवशी माझ्या हातातले दोन तुकडे मला टाकवेनात. मी ते खिशात घालून घरी आणले. हे मी काय चालवलंय, असं झालं मला. आपण औषध खायचं आणि सख्ख्या भावाला कपाटात ठेवून तो कधी मोडतो ते बघत बसायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी औषधांचं दुकान उघडायच्या आधी जाऊन मी पायरीवर उभा राहिलो, तुझ्यासाठी बाटली घेतली आणि तिथूनच कुरिअरला गेलो. चांगल्या मनानं पाठवली होती रे. हे लक्षात ठेव, बाकी काही ठेवू नकोस.

पण नोंद ठेवायला लागते कशात? वहीत. आणि मला एकच वही माहीत आहे, कारखान्याची. मी तिच्या मागच्या पानांपासून आपली नोंद चालू केली होती, त्याच रकान्यांत, त्याच भाषेत, कारण हात तेच लिहितो. गेल्या सोमवारी गिऱ्हाइकाकडून एक तपासनीस आले. चष्मेवाले, एक शब्द न बोलणारे. त्यांना सगळं मागून पुढे वाचायची खोड. आठ हजार वॉशर बाहेर ट्रकमध्ये चढवून तयार, आणि हे वही उलटी धरून वाचताहेत. नमुना अ: सकाळी कडक, दुपारपर्यंत थोडा सैल. वाकवल्यावर आवाज येतो. वरच्या बाजूला विरळ. पृष्ठभागावर तपकिरी ठिपके, आता नारिंगी छटा. उष्णतेत चिडतो. नमुना ब: बाहेरून उत्तम, आतून धाप. दादा, माझं धाबं दणाणलं. त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि विचारलं, "रबर चिडतं म्हणजे?" मी म्हटलं, तो आमच्या खात्यातला शब्द आहे. त्यांनी तो लिहून घेतला. आणि ट्रक उतरवायला सांगितला.

दोन दिवस आठ हजार वॉशर पुन्हा तपासले गेले. एकही चिडला नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी मला आत बोलावलं. (आपल्या ताईच्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण समोर उभं राहिलं की मला शाळेतली छडी आठवते.) त्यांनी वही माझ्यापुढे उलटी ठेवली आणि शांतपणे विचारलं की हा नमुना अ कुठल्या बॅचचा. खोटं बोलायला मला सुचेना. मी हातमोजे काढले आणि तळहात टेबलावर ठेवले. म्हटलं, मॅडम, नमुना अ मीच. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा." काका म्हणाल्या, हे लागलं, पण गेलो.

कारखान्याचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, एरवी बोटं चिरलेल्यांना पट्ट्या बांधतात. त्यांनी माझे डोळे बघितले, पांढरे आहेत म्हणाले, म्हणजे कावीळ नाही, गाजरं आहेत. रस बंद करा, रंग आपोआप जाईल. मी त्यांना उनाड कणांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, कण आहेत, ते त्रासही देतात, पण शरीर त्यांच्याकडून काही कामंही करून घेतं, जंतू मारायला तेच लागतात. आणि त्यांना आवरायची शरीराची स्वतःची व्यवस्था असते. भाज्या खा, फळं खा, चाला, झोपा, त्यानं भलंच होईल. पण त्यातलं एक द्रव्य वेचून गोळीत ठासून खाल्लं की माणूस जास्त जगतो, हे मोठमोठ्या चाचण्या करूनही दिसलेलं नाही. मी म्हटलं, डॉक्टर, रबरात तर दिसतं. ते म्हणाले, रबरात तुम्ही ती पूड कधी घालता? मी म्हटलं, मिश्रण कालवताना. ते म्हणाले, आणि तयार वॉशरवर नंतर चोपडली तर? नंतर चोपडून काहीही होत नाही, हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो. जास्त घातली तर ती वर पांढरी फुलून येते आणि माल फुकट जातो, हे दुसऱ्या दिवशी. एकतीस वर्षं मी हे दुसऱ्यांना सांगितलं आणि स्वतः बाटली आणली.

तर गोळ्यांचं हे असं आहे. त्या खराब निघाल्या, टाकून दे, वहिनींनाही देऊ नकोस, शेजारीही देऊ नकोस. आता वॉशरच्या जाडीविषयी थोडं लिहितो, कारण तू मागे विचारलं होतंस. वॉशर दीड मिलिमीटर, दोन मिलिमीटर, अडीच मिलिमीटर आणि तीन मिलिमीटर जाडीचे येतात. दीडचा वापर लहान पंपाला होतो. दोनचा वापर मध्यम पंपाला होतो. अडीचचा वापर मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या पंपाला होतो, परंतु काही ठिकाणी तिथेही दोनचाच वापर केलेला आढळतो. तीनबद्दल मतभेद आहेत. त्यानंतर येतात ते सपाट आणि कडा असलेले असे दोन प्रकार, आणि कडा असलेल्यांत पुन्हा आतून कडा आणि बाहेरून कडा. असो. पत्र फार लांबलं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक द्यावा.

तुझा,
एकाच बॅचमधला धाकटा

ता. क. आता वहिनींनी पत्र खाली ठेवलं असेल. माझी पत्रं आधी त्या फोडतात, हे मला ठाऊक आहे, आणि दोन पानांनंतर 'तुमच्या भावाला कामं नाहीत का' म्हणून तुझ्याकडे टाकतात, हे तूच मला सांगितलं आहेस. वॉशरचा मजकूर त्यासाठीच घातला. तू मला काहीही विचारलं नव्हतंस. तर खरं आता ऐक. गोळ्या खराब नाहीत. चांगल्या आहेत, मुदतीत आहेत, वहिनींनी एखादी खाल्ली असेल तर त्यांना काही होणार नाही. पण तुला नको. डॉक्टर पुढे जे बोलले ते मी वर लिहिलं नाही. या नारिंगी गोळीत जे आहे ते सिगरेट ओढणाऱ्या हजारो माणसांना वर्षानुवर्षं देऊन बघितलं होतं, त्यांचं फुप्फुस वाचेल म्हणून. वाचलं नाहीच, उलट गोळी खाणाऱ्यांत कॅन्सर जास्त निघाला. आणि तू ओढतोस, दादा. नाही म्हणू नकोस. लग्नात तो फोटो झाल्यावर मी रागानं हॉलच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी गेलो, तेव्हा तू तिथे उभा होतास. 'आत फार उकडतंय' म्हणालास, आणि तुझ्या बाहीतून धूर येत होता. आणि तू ओढतोस हे माहीत असून मी तुला बाटली पाठवली. हे मला खातंय. चार तारखेपासून आजपर्यंत जास्तीत जास्त सतरा खाल्ल्या असशील. डॉक्टर म्हणाले की सतरांनी काही बिघडत नाही, आजच बंद करा म्हणावं, गोळी पण आणि सिगरेट पण. मी त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली आहे. तू शांत झोप.

ता. क. २. तू विचारशील की डॉक्टरांनी सिगरेटचा विषय काढलाच कशाला. त्यांनी मला विचारलं होतं, ओढता का. मी म्हटलं, माझा भाऊ ओढतो. ते म्हणाले, मी तुमचं विचारतोय. मग त्यांनी माझी बोटं उलटी करून बघितली, गाजराच्या रंगाच्या आतला दुसरा रंग. टाकीपाशी तू उकडतंय म्हणालास तेव्हा 'हो ना' म्हणून मी मूठ मिटून पाठीमागे धरली होती, आठवतं? मला चटका बसला होता. हिला अकरा वर्षांत पत्ता नाही, कारण माझ्या कपड्यांना रबराचा इतका वास येतो की त्याखाली काहीही लपतं. मी त्या गोळ्या एकशे सोळा खाल्ल्या आहेत, दादा. तीन आठवडे खोकला आहे, तो मी वर तब्येतीच्या ओळीत घातला नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवली, असं मला वाटलं. घाबरू नका म्हणाले, बहुतेक काही नसेल, पण फोटो काढून घेऊ. त्यांनी 'बहुतेक' का म्हणावं?

ता. क. ३. छातीचा फोटो शुक्रवारी सकाळी साडेनऊला आहे. तू गुरुवारच्या बसनं ये. वहिनींना काहीही कारण सांग. मी हिला असं सांगून ठेवलंय की फोटो तुझा आहे, तुला एकट्याला जायची भीती वाटते, म्हणून मी फक्त सोबतीला चाललोय. ती म्हणाली, जा हो, एवढा मोठा माणूस, पण घाबरट आहे बिचारा, त्याचा हात धरून बसा. तेव्हा ये बाबा. तू आला नाहीस तर मला एकट्यालाच आत जावं लागेल.